धानाच्या दिवसांतला सोफा

कार्तिक लागला की आमच्याकडे हवेला कापलेल्या धानाचा वास येतो. फुलचूरहून कामावर निघते तेव्हा स्कूटरच्या मुठीवर बोटं गार पडलेली असतात. रस्त्याकडेच्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, धानाच्या पेंढ्या दवाने ओल्या असतात, आणि पुढे राइस मिलच्या वळणावर उकडलेल्या धानाची वाफ गालाला लागते. हा वास इथल्या सगळ्यांच्या ओळखीचा. मला मात्र दोन वर्षांपासून त्यात आणखी एक वास मिसळून येतो. डिझेलमध्ये भिजवलेल्या गंजाचा आणि ग्राइंडरखाली तापलेल्या लोखंडाचा. तो कुठूनही येत नसतो, माझ्याच डोक्यातून येतो. पण आला की हात आपोआप मूठ पिळतो, स्कूटर पळायला लागते, आणि चाळिशी ओलांडलेली मी बाई वर्गात पोचेपर्यंत उगाच खूश असते.

मी एका प्रशिक्षण संस्थेत मुलींना शिवणकाम शिकवते. कापड, कात्री, टेप आणि खडू यांच्यापलीकडे माझ्या हाताला कधी काही लागलं नव्हतं. माहेर मुर्रीला, म्हणजे फुलचूरसारखंच गोंदियाला लागून, तरी दिवाळीची सुट्टी लागल्याशिवाय चार दिवस राहणं होत नाही. त्या वर्षीही फराळाचे डबे घेऊन अशीच गेले होते. परत आले तेव्हा नखांत काळं वंगण होतं, उजव्या तळहाताला दोन घट्टे पडले होते, आणि पाना हातात न बघता घेतला तरी तो कितीचा हे मला सांगता येत होतं.

बाबांची एक पिकअप होती. पांढरी, दुसऱ्याची वापरलेली घेतलेली. मी कॉलेजात असताना ती दारात आली. आमची शेती एवढीशी, बाबा खरे जगले ते गाडीवर. या दिवसांत गावोगावचा धान मिलला पोचवायचा आणि बाकी वर्षभर लागेल ते न्यायचं. बैल, गणपती, लग्नाची वऱ्हाडं, नाटकवाल्यांचे पडदे आणि पेट्या. एकदा तर आमगावच्या पुढून एक बाळंतीण आणली, तिचं बाळ गाडीतच झालं. सोबत पोती चढवायला मनसारामकाका असायचे. दोघं एका वयाचे, एका आळीतले. काका पाठीवरून पोतं आणून टाकायचे, बाबा मागच्या उघड्या डाल्यात उभे राहून ते रचायचे, आणि दोघांचं बोलणं त्या मधल्या हुंकारांमधूनच चालायचं. डाल्याच्या मागच्या फाळक्यावर बाबांनी पेंटरकडून आम्हा दोघी बहिणींची नावं लिहून घेतली होती. सविता-कविता, लाल अक्षरं आणि त्यांना पिवळी किनार. गाडीवर पोरींची नावं कोण लिहितं, म्हणून लोक हसत. बाबा म्हणत, ज्या आहेत त्यांचीच लिहीन ना.

मग एका हंगामात, मी सांगतेय त्याच्या तीन वर्षं आधी, बाबा भरदुपारी पायी घरी आले. गाडी शेताच्या रस्त्याला बांधावर चढून अडकली आहे, एवढंच म्हणाले. ट्रॅक्टरने ओढून ती घरी आणली. बाबांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि पुन्हा काढली नाही. त्यानंतर गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची. कडेकडेचं दिसणं संपलं होतं. मधे एक नळीएवढं उरलं होतं, तेही धुरकट. बाबांनी आम्हाला एकच गोष्ट बजावली, गावात कोणाला सांगायचं नाही. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचं.

गुडघे दुखणारा माणूस निदान ओट्यावर बसतो. बाबा आतल्या खोलीत बसू लागले. मनसारामकाका यायचे, तेव्हा आई दारातूनच सांगायची, झोपले आहेत. काही महिन्यांनी काकांचं येणंही थांबलं. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई त्या गावात त्या दिवशी घरोघरी पाहुणे, चौकात पाळणे, जिलेब्यांच्या कढया, बांगड्यांची दुकानं, आणि वर्षभर न भेटलेली माणसं एकमेकांना शोधत फिरत असतात. मुर्रीच्या अशा तीन मंडया बाबांनी दार लोटून काढल्या. पिकअप अंगणात उभी होती. तिच्या टपावर आईचा कोहळ्याचा वेल चढला होता.

त्या दिवाळीत आईने विषय काढला. धान कापणीला आला होता, मळणीयंत्र अंगणात उभं करायला जागा लागणार होती. बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, देऊन टाका भंगारात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला दोन माणसं घेऊन आला. कागदपत्रांचं आधीच झालं होतं. सकाळभरात त्यांनी इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढची काच उतरवली, आणि मग एकाने घण घेऊन डाल्याच्या फाळक्यावर पहिला घाव घातला.

मी भाजी निवडत होते. समोर दाराच्या चौकटीला हात लावून बाबा उभे होते, कधी आले ते कळलंच नाही. दुसरा घाव पडला तेव्हा त्यांची बोटं चौकटीवर आवळली गेली. तिसऱ्याला मी उठले आणि थांबा म्हणाले. भंगारवाला थांबला. आता पुढे काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं. तोंडातून निघालं ते असं, की सीट, डाला, फाळका आणि खालचे स्प्रिंगचे पाटे आम्हाला हवेत, बाकीचं आठवड्याने येऊन न्या.

"कशाले?" बाबांनी विचारलं.

"बसायले," मी म्हणाले. "सोफा करू. मंडईच्या आधी."

असा एक सोफा मी माझ्या एका विद्यार्थिनीच्या मोबाइलवर पाहिला होता, एवढाच त्या योजनेला आधार. बाबा वळून आत गेले. आई म्हणाली, पोरगी पागल झाली. भंगारवाल्याने खांदे उडवले आणि तो गेला. मुर्रीची मंडई नऊ दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारून पान्यांचा संच मागून आणला आणि गाडीच्या केबिनमध्ये शिरले. सीटखाली गंजलेले चार बोल्ट. पाना लावला की निसटायचा, बोटं पत्र्यावर आपटायची. अर्ध्या तासात डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बोल्टपेक्षा माझ्या आगाऊपणामुळे जास्त. तेवढ्यात मागून आवाज आला.

"समोरून नको सुरू करू. मागचे दोन आधी. समोरचे काढले त सीट अडते."

बाबा अंगणात आले होते. एक हात गाडीवर ठेवून, पत्र्याच्या कडेकडेने ते दारापर्यंत आले. मला म्हणाले, डिझेल आण, बोल्टवर सोड, आणि चहा पिऊन ये. गंजाले वेळ लागते. मी चहा पिऊन आले तर ते गाडीत वाकून बसले होते आणि पहिला बोल्ट त्यांच्या तळहातावर होता. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगायला शब्द सापडत नाहीत. त्यांनी बोल्ट काढला याचा होताच, पण जास्त आनंद त्यांच्या कपाळावर डिझेलचा काळा पट्टा उमटला होता त्याचा झाला. तीन वर्षांत बाबांचं कपाळ कधी मळलं नव्हतं.

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. बाबा शिक्षक, मी विद्यार्थिनी. पाने त्यांनी पोत्यावर ओळीने मांडायला लावले आणि मला डोळे मिटायला सांगितलं. हातात एक पाना देऊन विचारायचे, कितीचा. मी म्हणायची सतरा. ते म्हणायचे, अंगठा आत घालून पाह, एकोणीस आहे. बोल्ट सैल झाला हे आवाजावरून कसं ओळखायचं, आटे गेलेत हे फिरवताना मनगटाला कसं कळतं, पत्रा आतून सडलाय का हे नखाने वाजवून कसं बघायचं. गाडीचा एकेक भाग त्यांना तोंडपाठ नव्हता, बोटपाठ होता. आता मी वर्गात मुलींना डोळे मिटून शिलाई तपासायला लावते. बोट फिरवा आणि धागा कुठे सैल आहे ते सांगा, म्हणते. त्या हसतात, आणि मग गप्प होतात, कारण सापडतं.

सकाळी आम्ही दोघं गाडीपाशी, आई शेतावर कापणीला. बारा वाजता ती परत यायची तेव्हा तिच्या पदराला धानाची कुसं लागलेली असायची आणि आमच्या कपड्यांना वंगण. तिघं ओट्यावर जेवायला बसायचो. नव्या पोह्यांचा चिवडा, भात, वांग्याची भाजी. बाबा दोनदा भात मागून घेऊ लागले. आई माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे, आणि आम्ही काही बोलायचो नाही. उगाच बोलून काही बिघडू नये, असं दोघींना वाटायचं.

तिसऱ्या दिवशी सीट सुटी झाली, फक्त उचलून बाहेर काढायची राहिली. बाबा म्हणाले, थांब जरा. ते चालकाच्या जागेवर बसले, मला शेजारी बसायला सांगितलं. समोर काच नव्हती, स्टिअरिंग नव्हतं. अंगणातला पेंढा, कोंबड्या, कुंपणापलीकडे कापणीच्या बायका. जिथे स्टिअरिंग असायचं त्याच्या खाली बाबांचे हात मांडीवर पडून होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली ती माझ्याकडे न बघता.

डोळ्यांचं त्यांना वर्षभर आधीपासून माहीत होतं. कडेची झाडं दिसेनाशी झाली होती. पण हंगाम होता, लोकांचा धान घरात पडून होता, आणि मुख्य म्हणजे गाडी सोडली की आपण कोण उरतो हे त्यांना कळत नव्हतं. म्हणून चालवत राहिले. त्या दुपारी शेताच्या रस्त्याने येताना अगदी जवळ सायकलची घंटी वाजली. दिसलं काहीच नाही. घंटी डावीकडून आली म्हणून त्यांनी गाडी उजवीकडे बांधावर घातली. एक मुलगी किंचाळून सायकलवरून पडली, उठली, आणि रडत निघून गेली. बाबा खाली उतरले तोवर ती लांब गेली होती.

"कोनाची होती ते बी नाही दिसलं," बाबा म्हणाले. "तवापासून गावात ज्याच्यासमोर उभा राहीन, त्याचीच पोरगी होती असं वाटते. कोनाले तोंड दाखवू?"

मी त्यांचा हात धरला. डिझेलने तो खरबरीत आणि थंड झाला होता. तीन वर्षं आम्ही समजत होतो की बाबा नजर गेल्याच्या दुःखात आहेत. ते दुःख वेगळंच होतं आणि आम्ही त्याला डोळ्यांचे थेंब घालत होतो. बाबांनी कोणाला सांगू नको असं म्हटलं नाही. त्यामुळे दुपारी आई शेतावरून आली तेव्हा मी तिला विहिरीजवळ गाठलं आणि सगळं सांगितलं.

आई पाय धुत होती. तिने ऐकून घेतलं, आणि तिचा चेहरा मला वाटलं होतं तसा बदलला नाही. ती म्हणाली, मले माहीत आहे. मग तिने सांगितलं. त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशी त्या मुलीची आई घरी आली होती. भांडायला नाही. काकाजींनी गाडी बांधावर घातली म्हणून पोरगी वाचली, हे सांगायला आली होती. गुडघा खरचटला होता, एवढंच. मुलगी होती मनसारामकाकांची नात.

"मग बाबांना सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"त्यायनं सांगितलंच नाही कधी," आई म्हणाली. "ते लपवत होते. मी माहीत आहे म्हटलं असतं त त्यायले अजून लाज वाटली असती. वाटलं, सांगतील कधी. थांबली होती."

एका घरात, एका चुलीवर, दोघं तीन वर्षं एकमेकांना सांभाळत बसले होते. मला राग यावा की रडू हे कळेना. मी आईला हात धरून अंगणात नेलं. बाबा सीटवर ब्रश मारत होते. आई त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि साध्या आवाजात, आज किती पेंढ्या बांधल्या हे सांगावं तसं, तिने सांगितलं. अजी, ती मनसारामभाऊची नात होती. आता दहावीत आहे. तिच्या मायनं तवाच येऊन सांगितलं, तुमच्यामुळं वाचली.

बाबांच्या हातातला ब्रश थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणून मनसाराम येत होता का?" आई हो म्हणाली. बाबांनी मान खाली घातली आणि ते रडले, आवाज न करता. आई उठून भाताचं बघायला गेली, आणि मी ब्रश घेऊन सीटचा उरलेला अर्धा भाग घासला, इतका जोरात की रेग्झिन फाटलं. तसंही ते बदलायचंच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या आधी अंगणात. वेल्डिंग घरी होणार नाही, म्हणाले, वीज कमी पडते. शफीकभाईकडे जाऊ. शफीकभाईचं वर्कशॉप आमगाव रस्त्याला, पिकअपचे सगळे टाके आयुष्यभर त्यांनीच मारलेले. म्हणजे बाबा घराबाहेर पडणार होते. मी आईकडे बघितलंही नाही, धावत जाऊन ट्रॅक्टर सांगून आले. ट्रॉलीत मागून आणलेल्या ग्राइंडरने कापलेले डाल्याचे पत्रे, फाळका, पाटे, आणि त्यांच्यामध्ये गोणपाटावर काळा चष्मा लावून बाबा. रस्त्याने दोन्हीकडे कापणी. कुठे तरी पाण्यालगतच्या बांधीतून सारसाचा आवाज आला, आणि बाबांनी बोट केलं ते बरोबर त्या दिशेला. मी बघितलं. जोडी होती, राखाडी, उंच, लाल माना ताणलेल्या. जोडी आहे ना, बाबांनी विचारलं. एकाने हाक दिली की दुसरा लगेच जोडून देतो, त्यावरून कळतं, म्हणाले.

शफीकभाईंनी बाबांना बघितलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. बाबांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की डोळे गेले आहेत. गावातल्या माणसाला नाही, पण बाहेरच्या एकाला तरी हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकवलं. शफीकभाई म्हणाले, "काकाजी, आप हाथ रखो, मैं वहीं टाँका मारूँगा।" आणि तसंच झालं. बाबा जोड चाचपायचे, खडूने खूण करायचे, हात मागे घ्यायचे, आणि शफीकभाई ठिणगी पाडायचे. डाल्याच्या बाजूच्या पत्र्यांचे हात झाले, फाळक्याची पाठ झाली. घणाचे तीन पोचे होते फाळक्यावर. शफीकभाई ठोकून सरळ करू म्हणाले, बाबा नको म्हणाले. पाठ किती कलती ठेवायची यावर दोघांचा वाद झाला. शफीकभाईंनी ती जवळजवळ उभी ठेवली होती. मी बसून बघितलं, कोणीतरी नोकरीसाठी प्रश्न विचारायला बसवल्यासारखं वाटलं. बाबांनी माझी पाठ हाताने मागे ढकलली, जिथे मी सैल झाले तिथे थांबले, आणि म्हणाले, इथं.

पाय करायचे होते पाट्यांचे. चाकांवर गाडीचं वजन पेलणाऱ्या त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या. बाबांची कल्पना अशी की सोफा त्यांच्यावरच उभा करायचा, म्हणजे बसलं की तो जरा दबेल. दोन दिवसांनी सांगाडा घरी आणला, सीट ठेवली, मी बसले. काही दबलं नाही. आई बसली, आम्ही दोघी बसलो, तरी नाही. दगडावर बसल्यासारखं. पंचवीस-तीस पोती पेलणारे पाटे ते, आमच्या दोघींची त्यांना काय दखल. मी हिरमुसले. मंडईला तीन दिवस उरले होते.

बाबा मात्र खूश. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी पाहिलेला भाव आला, गाडी चिखलात रुतल्यावर यायचा तो. त्यांनी अंगणात मांडी ठोकली, पाट्यांच्या जुडीवर हात फिरवला आणि पाने मागवले. सगळ्यांत लांब पट्टी ठेवली, तिच्याखालची एक ठेवली, बाकीच्या काढल्या. बसून बघ. बसले, सोफा इतका खाली गेला की मी ओरडलेच. एक पट्टी परत घातली. मग कुठली घालायची, कुठली काढायची, यात अख्खी दुपार गेली. कधी आई पोत्यासकट बसायची, कधी मी उडी मारून. शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनाही बाबांनी वजन म्हणून बसवलं. ऊन उतरायला आलं तेव्हा सोफा बसताना अलगद खाली जायचा आणि परत वर यायचा, बारीक करकर आवाज करत. बाबांनी कान लावून ऐकलं. थोडं ग्रीस लागेल, म्हणाले.

पुढचे दोन दिवस माझे. सीटवरच्या रेग्झिनची लक्तरं उसवून त्यांचाच नमुना केला. नवं कापड आणायचं नव्हतं. पिकअपवर पावसात धान झाकायची जाड ताडपत्री घरात होती, ऊन खाऊन मूळ हिरवी आता शेवाळी झालेली. दोन वेळा धुतली, तरी घडीतून धानाचे दाणे निघत होते. आईच्या जुन्या मशीनला ती झेपेना, सुया मोडल्या. मग मोठी सुई, मेणाचा दोरा, आणि हाताने टाके. बाबा शेजारी बसून दोरा ताणून धरायचे आणि प्रत्येक टाक्यावरून अंगठा फिरवायचे. एके ठिकाणी थांबले, म्हणाले, इथं हलकी पडलीस बाई. उसवलं आणि परत घातलं. माझ्या वीस वर्षांच्या शिवणकामाला इतका कडक तपासनीस कधी लाभला नव्हता. बाहेर मळणीयंत्र सुरू होतं, सगळ्या हवेत भुसा, आणि आम्ही दोघं तोंडाला फडकं बांधून ताडपत्री शिवतोय. ही माझी त्या हंगामातली सगळ्यांत आवडती आठवण आहे. तेव्हा घाई इतकी होती की आवडायला वेळ नव्हता. पत्र्यांना मी आकाशी रंग दिला. फाळक्यावरच्या नावांना हात लावला नाही. बहिणीला फोटो पाठवला तर तिचा फोन आला. ती छत्तीसगडात असते. बराच वेळ नुसतं, अगं, अगं, करत राहिली.

मंडईच्या दिवशी सकाळी सोफा ओट्यावर मांडला. चौकातून पाळण्यांच्या कुईकुईचा आवाज येत होता, तळलेल्या तेलाचा वास येत होता. पहिले पाहुणे दहा वाजता आले, आईच्या माहेरचे. त्यांनी सोफ्याकडे बघितलं, बसले, खाली गेले, वर आले, आणि सगळे हसायला लागले. मग येईल तो बसून बघायचा. बाबा बाजूच्या खुर्चीत, धुतलेला सदरा घालून. कोणी विचारलं की कोणी बनवला, तर ते माझं नाव सांगत. मी आतून चहा आणताना ऐकत होते, आणि खोटं वाटू नये म्हणून बाहेर येऊन त्यांचं नाव सांगत होते. गुडघे कसे आहेत असं तिघा-चौघांनी विचारलं. बाबा बरे आहेत म्हणत राहिले. मला वाटलं, आजही ते तिथेच थांबणार.

मनसारामकाका दुपारी आले. आम्ही बोलावणं पाठवलं नव्हतं, सोफ्याचं ऐकून आले होते की आपले आपणच, माहीत नाही. ओट्याच्या पायऱ्यांशी उभे राहिले आणि त्यांनी फाळका ओळखला. तीन वर्षांत ते वाकले होते. बाबांनी पावलांवरून त्यांना ओळखलं. खुर्चीतून उठले, आणि बसलेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर, मोठ्याने म्हणाले,

"मनसाराम, मले आता दिसत नाही गा. हात धर, मंडई पाहून येऊ."

काका वर आले, त्यांनी बाबांचा हात आपल्या कोपरात अडकवला आणि म्हणाले, मले का माहीत नाही का. चाल. दोघं पायऱ्या उतरले. काका प्रत्येक पायरीला हुं म्हणत होते, बाबा पाय टाकत होते. आळीच्या वळणापर्यंत मी त्यांना बघत राहिले. बाबांचा सदरा, काकांचं मुंडासं, मग लोकांची गर्दी, आणि मग कोण कोणाला नेतंय ते दिसेनासं झालं.

पाहुणेही एकेक करून मंडईकडे निघाले. मी आत जाऊन कपबश्या विसळल्या, पुढच्यांसाठी पोहे भिजवले. बाहेर आले तर आई सोफ्यावर होती. पहाटे चारपासून उभी असलेली, त्याआधी आठवडाभर धानात वाकलेली माझी आई टेकायला म्हणून बसली असणार. आता ती पूर्ण आडवी झाली होती. पाय दुमडलेले, पदर तोंडावर घेतलेला, एक हात खाली लोंबत होता. श्वासाबरोबर पाटे बारीकसे हलत होते. भरदुपारी, पाहुण्यांच्या दिवशी, घरातल्या बाईने असं झोपलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकात आवाज झाला. आमगावचे पाहुणे होते, सहा-सात जण, लहान मुलांसकट. सोफा बघायचा म्हणत पायऱ्यांपर्यंत आले. मी ओठांवर बोट ठेवलं, घरातून दोन सतरंज्या आणल्या, आणि त्यांना अंगणात लिंबाच्या सावलीत बसवलं.